हळद-लिंबू लावून उन्हात बसायचं?

नागपुरात ऊन तापलं की एक फॉरवर्ड फिरतो: 'हळद-लिंबाचा लेप लावून उन्हात बसा, कातडीचा कॅन्सर जळून जातो. परदेशात हेच करतात. कुठलाही कॅन्सर चालतो. त्रास नाही, कापाकापी नाही.'

'परदेशात हेच करतात' यात पावशेर तथ्य आहे, म्हणून आधी तेच घेऊ. फोटोडायनॅमिक थेरपी हा उपचार खराच आहे. मिथाइल अमिनोलेव्ह्युलिनेटचं मलम डागावर लावून तीनेक तास झाकून ठेवतात. बिघडलेल्या पेशींत त्यातून प्रोटोपॉर्फिरिन हे उजेडाने चेतणारं द्रव्य साठतं. मग साधारण 630 नॅनोमीटरचा लाल दिवा, काही मिनिटं. उजेड पडला की ते पेशीतल्या ऑक्सिजनला असं भडकवतं की पेशी मरते. नुसत्या मलमाने हे होत नाही, नुसत्या उजेडानेही नाही. युरोपात काही रुग्णांना मलम लावून दिवसाउजेडी बाहेरही बसवतात. पण आधी सनस्क्रीन चोपडून, दोनच तास, आणि तेही उन्हाने आलेल्या खरखरीत चट्ट्यांसाठी. ते चट्टे अजून कॅन्सर झालेले नसतात.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत निळ्या प्रकाशाखाली पेशी मारतं, हे मान्य. डब्यातल्या हळदीचा लेप म्हणजे ते नव्हे. आणि लिंबू? त्यातली फ्युरोकुमारिनं नावाची रसायनं उन्हात कातडीवर भाजल्यासारखे फोड आणतात, मागे काळे डाग राहतात. नवतप्यात तर हा उद्योग नकोच.

'कुठलाही कॅन्सर' ही सगळ्यात घातक ओळ. लाल प्रकाश कातडीत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. त्यामुळे कॅन्सरमध्ये मुख्यतः वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा हळू वाढणारा कॅन्सर) आणि बोवेनचा आजार (कातडीच्या वरच्या थरातच असलेला सुरुवातीचा कॅन्सर), यांच्यासाठीच याचा खरा उपयोग. मेलॅनोमाला, म्हणजे कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशींच्या कॅन्सरला, हा उपचार नाही. आपल्याकडे तो बरेचदा तळपायाला किंवा नखाखाली होतो. तिथे ऊन कसं दाखवणार? शिवाय सावळ्या कातडीवरचा बेसल सेल अनेकदा काळपट असतो, लोक चामखीळ समजून सोडून देतात. तो काळा रंगच उजेड गिळतो, म्हणून खरी थेरपीही तिथे कमी पडते.

'त्रास नाही' हे दिव्याखाली बसलेल्याला सांगून बघा. चेहऱ्यावर, डोक्याच्या टाळूवर इतकी आग होते की मध्येच दिवा थांबवून गार पाणी फवारावं लागतं.

राहिली कापाकापी. न भरणारी जखम कशाची आहे, हे तुकडा तपासल्याशिवाय फॉरवर्डवाल्याला कळतं कसं? नागपुरातल्या मेडिकलला जा की मेयोला, दोन्ही सरकारी रुग्णालयंच, कातडीच्या डॉक्टरला संशय आला तर तो दिव्याआधी बायोप्सीच सांगेल.