महामार्ग उचला, पण खांबांवर

पावसाळ्यात कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर गप्पा कुठूनही सुरू होवोत, येऊन थांबतात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर, तिथल्या पाण्याच्या पातळीवर. किती फूट झालं? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. परवा पिंटूनं जामदार क्लबजवळ पाण्याच्या कडेला वीट ठेवली. तासाभरानं बघितलं तर वीट दिसेना. तिथून विषय निघाला तो थेट पुणे-बेंगळुरू हायवेच्या मातीच्या भरावावर गेला, आणि साडेअकरापर्यंत कुणी कट्टा सोडला नाही.

आण्णांच्या दोन ट्रक आहेत. त्यांचं म्हणणं एका वाक्यात संपतं. "हायवे उचला. आणखी धा फूट उचला, पण गाडी थांबता कामा नये." २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांची गाडी बेंगळुरूला कांदा घेऊन निघालेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि गाडी किणीच्या अलीकडं अडकली, ती जवळजवळ आठवडाभर. "पाचव्या दिवशी ताडपत्रीखालनं कांद्याचं पाणी गळाय लागलं. मागच्या गाडीवाला माझ्या ड्रायव्हरला म्हणाला, गाडी पुढं घे, वासानं जेवण जाईना. पुढं घेणार कुठं? पुढं पाणीच." हे सांगताना आण्णांचा आवाज अजून चढतो. त्या दिवसांत शहरात पेट्रोलपंपांवर लागलेल्या रांगा आम्हा सगळ्यांनाच आठवतात. रस्ता बंद म्हणजे सगळंच बंद.

पिंटू तडकला. "आण्णा, तुमची गाडी निघंल, पण आमचं घर? पंचगंगेच्या पुलापासनं सांगली फाट्यापर्यंत भराव हाय. नदी पसरायची जागाच ती. चौपदरी करताना तो रुंद केला, उंच केला. त्याच्या वरच्या अंगाला कोण? चिखली, आंबेवाडी, वडणगे, शिये आणि आपण. तुम्ही धा फूट म्हणालाय, ते आमच्या छातीवर."

मी लहान असताना हायवेचे ट्रक शहरातूनच जायचे. तावडे हॉटेलवरून आत शिरून कावळा नाका, पुढं विद्यापीठाच्या दारावरून शाहू नाक्याकडं. आमचे वडील तो रस्ता ओलांडताना माझं मनगट दुखेपर्यंत धरायचे. मग सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात रस्ता उचगाव, उजळाईवाडी, गोकुळ शिरगाव असा बाहेरून नेला आणि शहर सुटलं. ते ट्रक पुन्हा आत यावेत असं कट्ट्यावर एकालाही वाटत नाही. भांडण बायपासशी नाही. तो पाण्याच्या वाटेत कसा उभा आहे, त्याच्याशी आहे.

मास्तर तोवर गप्प होते. शाळेत त्यांनी आम्हाला भूगोल शिकवला, त्यामुळं ते बोलायला लागले की आम्ही अजून सरसावून बसतो. "सगळं हायवेवर ढकलू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला एकत्र येतात, तिथनं पुढं नदीला उतारच कमी. नरसोबाच्या वाडीला कृष्णा फुगली की ती पंचगंगेला आत घेत नाही. त्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी वेगळं. आणि पूररेषेत भराव टाकून अपार्टमेंट कुणी बांधली? हायवेनं?"

"मग २०१९ ला ५५ फूट ७ इंच आणि २०२१ ला ५६ फूट ३ इंच, हे कसं हो मास्तर?" पिंटू. "२०२१ चा पाऊस दिवसांनी कमी होता."

"दिवसांनी कमी होता, पण कोसळला किती ते बघ. आकडा एकट्या भरावानं वाढला असं मी म्हणणार नाही. पण आलेलं पाणी किती दिवस बसून राहिलं, तिथं भरावाचा हात आहे."

माझ्या मते मास्तरांचं हे एक वाक्यच सगळ्या वादाचं मूळ आहे. पूर येणारच, नदी काठाबाहेर पडणारच. पण पाणी घरात दोन दिवस राहिलं तर माणूस भिंत धुऊन पुन्हा चूल मांडतो. सहा दिवस राहिलं तर मातीची भिंत उभी राहत नाही. चिखलीतली घरं मी पूर ओसरल्यावर बघितली आहेत. आढं जागेवर आणि खालची भिंत चिखल होऊन बसलेली. म्हणून आण्णांचं 'उचला' मला मान्य आहे, पण मातीवर नाही, खांबांवर. वरून गाडी जाऊ दे, खालून नदी. भराव आणखी उंच केला तर गाड्या सुटतील आणि त्याची किंमत वडणगे-चिखलीनं भरायची, हे मला पटत नाही. आता सहापदरीकरणाचं काम निघालंय, शहरात शिरायच्या नव्या पुलाचं, बास्केट ब्रिजचं, नाव कितीतरी वर्षं ऐकतोय. ही संधी गेली तर पुढची पन्नास वर्षं तीच माती तिथं राहील. खांबांना पैसा जास्त लागतो हे खरं. पण दर महापुराला पंचनामे, सानुग्रह आणि बंद हायवे, हा खर्च त्या हिशोबात कुणी धरतं का?

मी हे तावातावानं बोललो तेव्हा दादूनं चहाचा ग्लास खाली ठेवला. त्याची सासुरवाडी खाली कृष्णेच्या संगमाजवळची, शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडची. "तुमचं पाणी लवकर निघंल, चांगलंय. पण ते निघून येणार कुठं? आमच्यात. तिथं आधीच कृष्णा उभी असती. आमच्या दारात ते किती तास आधी येणार, हे कुणी काढलंय का?"

कट्टा गप्प झाला. माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं. पाणी तेवढंच असेल, फक्त लवकर पोचेल, असं मी म्हणालो, पण 'लवकर' म्हणजे किती, यावरच कुरुंदवाडच्या माणसाला जनावरं सोडायला वेळ मिळतो की नाही ते ठरतं. हा हिशोब खांबांच्या नकाशाबरोबरच व्हायला हवा आणि शिरोळ तालुक्यातल्या लोकांना समोर बसवून व्हायला हवा. दादूचं म्हणणं मी माझ्या मागणीत धरलं.

आण्णा उठता उठता म्हणाले, "खांब म्हणा नायतर काय म्हणा, सध्या भरावात मोऱ्या किती हायत आणि त्यातल्या गाळानं बुजल्यात किती, ते तरी म्हाईत हाय का कुणाला?"

कुणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनी खिशातली डायरी काढली. पाणी उतरलं की पहिल्या रविवारी सकाळी सातला तावडे हॉटेलपाशी जमायचं ठरलं. पिंटू टेप आणणार, आण्णा गाडी, आणि दादू कुरुंदवाडहून मेव्हण्याला बोलावणार.