गिटार वेदीजवळ का नको?

नगरच्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर परवा ठराव आला. तरुण संघाने उपासनेत गिटार-ड्रम वाजवायचे नाहीत, सिनेमाच्या वळणाच्या चाली लावायच्या नाहीत, ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतपुस्तक आहे तेवढं पुरे. खाली आमेनची रांग. एका काकांनी लिहिलं, “टिळकांच्या नगरात हा बाजार नको.” तेव्हापासून झोप नीट लागलेली नाही.

काका, तुमच्या त्या टिळकांनी, कवी नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि मंडळीला अभंग दिले, भजनं दिली, कीर्तन दिलं. त्या चाली कुठल्या होत्या? दिंडीतल्या, देवळातल्या, रस्त्यावर कानी पडणाऱ्या. त्याआधी 1616 मध्ये फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत, कारण लोकांच्या कानात ओवी होती. आजच्या पोरांच्या कानात काय आहे, हे तुम्ही विचारलंत का?

मी जर्मनीत न्यूर्नबर्गला राहते. याच गावात 1601 मध्ये हान्स लेओ हासलरचं एक प्रेमगीत छापलं गेलं, एका मुलीपायी चित्त ठिकाणावर नसलेल्या तरुणाचं. 1656 मध्ये पाउल गेरहार्टचं ख्रिस्ताच्या रक्ताळलेल्या मस्तकावरचं गीत त्याच चालीवर आलं. पुढे संगीतकार बाखने ती मत्तयाच्या पॅशनमध्ये, ख्रिस्ताच्या दुःखसहनावरच्या संगीतरचनेत, पुन्हा पुन्हा घेतली. गुड फ्रायडेला ती चाल ऐकताना मला रडू येतं. हासलरची ती मुलगी कुणाच्या मनातही येत नाही. 1960 मध्ये तुत्सिंगच्या चर्च-अकादमीने तर जॅझच्या, करमणुकीच्या गाण्यांच्या ढंगाची भक्तिगीतं स्पर्धा लावून मागवली. त्यातलं श्नायडरचं ‘डांके’ (धन्यवाद) हिट गाण्यांच्या यादीत गेलं. आज ते गीतपुस्तकात आहे.

माझा मुलगा चौदाचा आहे, कॉन्फीला, म्हणजे दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला जातो. इथल्या पाळक बाई मुलांना स्वतःचं आवडतं गाणं आणायला सांगतात. एकाने बाप सोडून गेल्याचं रॅप आणलं. बाईंनी शेजारी बाविसावं स्तोत्र ठेवलं: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या दिवशी माझा मुलगा घरी येऊन बायबल शोधत होता. आमच्या शब्बाथशाळेत, चर्चच्या रविवारच्या शाळेत, आम्ही तीच वचनं छडीच्या धाकाने पाठ केली होती.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. एक लिहिलं नाही. इथे दृढीकरण झालं की बरीच मुलं फिरकत नाहीत. परवा रविवारी आम्ही अकरा जण होतो. आणि तुमच्या पोरांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकताना, टिळकांच्या भजनाखाली ड्रम आले तेव्हा, माझ्याही तोंडून “नको” निघालं. सतरा वर्षं मी पेटी आणि झांजांचा तो रविवार जसाच्या तसा मनात ठेवला आहे. कुणी त्याला हात लावू नये असं मला वाटतं. पण मी तिथे नसते. ती पोरं दर रविवारी तिथे असतात.

नाताळला आम्ही येतोय, काका. मुलाला मराठी वाचता येत नाही. तीन भजनं त्याला गिटारवर येतात, माझ्याकडून ऐकून बसवलेली. त्याला वाजवू द्याल का?