नुसत्या गोळ्यांनी मुरुमं आटोक्यात येत नाहीत

मुरुमांवरच्या तुमच्या लेखात मध्यम स्वरूपाच्या, लाल, दुखऱ्या मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या सांगितल्यात, ते बरोबरच. पण सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड, म्हणजे जंतू मारणारं लावायचं जेल, का लागतं, हे राहून गेलं. नुसत्या अँटिबायोटिकला जंतू हळूहळू दाद देईनासे होतात. बेंझॉइल पेरॉक्साइडला ते सरावत नाहीत. म्हणून गोळ्या साधारण 3 महिन्यांत थांबवतात आणि ते जेल व ॲडापॅलीन (रोमछिद्रं बुजू न देणारं लावायचं औषध) पुढे चालू ठेवतात.

माझ्या पुतणीला हेच दिलं होतं. सुरुवातीला नाकाच्या कडेला सालं निघाली, तर "काकू, हे वाढलंच की गं" म्हणत रडकुंडीला आली. ॲडापॅलीन रात्री, वाटाण्याएवढंच, आधी एक दिवसाआड, आणि पुळी सापडेल तिथे टिकली लावल्यासारखं नाही, मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. बहुतेक पोरं त्याआधीच कंटाळतात. (उशीला पांढरे अभ्रे घाला. बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत कापडाचा रंग उडतो, तो परत येत नाही.) दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर ही औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

माझा खरा राग मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या 'गोरं करणाऱ्या' ट्यूबांवर आहे. कितीतरींत स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा तुकतुकीत, बंद केली की पुळ्या दुपटीने. 2018 मध्ये अशी बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. तरी काउंटरवर नाव घ्यायचा अवकाश, ट्यूब हातात!