बॅक्टेरिओसिनची भीती: बोट चुकीच्या ठिकाणी

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. म्हणे चीज आणि मांसाच्या पदार्थांत मुद्दाम जिवाणू सोडतात, ते बॅक्टेरिओसिन नावाचं अँटिबायोटिक बनवतात, त्याने औषधं निकामी होतात, पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि कारखान्यातली अस्वच्छता झाकली जाते.

आधी औषधांचं. इथे थोडा तरी आधार आहे, म्हणून नीट पाहू. बॅक्टेरिओसिन म्हणजे एका जिवाणूने दुसऱ्या जिवाणूंना मारायला बनवलेलं प्रथिन. सर्वांत परिचित बॅक्टेरिओसिन नायसिन, लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा जिवाणू बनवतो ते छोटं प्रथिन. ते जिवाणूला पेशीभिंत बांधायला लागणाऱ्या लिपिड-२ या रेणूला धरतं आणि पेशीच्या पटलाला भोकं पाडतं. व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिकही लिपिड-२ लाच धरतं, पण रेणूचं वेगळं टोक. म्हणूनच व्हँकोमायसिनला दाद न देणारे एंटेरोकॉकस जिवाणू प्रयोगशाळेत नायसिनने मरताना दिसतात. लिस्टेरिया या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जिवाणूत बॅक्टेरिओसिनला तोंड देणारे वाण (उपप्रकार) निपजतात, हे मात्र खरं. त्यामुळे अन्न टिकवायला मुद्दाम सोडलेल्या एकट्या संरक्षक जिवाणूवर विसंबून चालत नाही; थंडावा, मीठ, आम्लता जोडीला लागतातच.

पोटाचं म्हणाल तर खाल्लेलं नायसिन लहान आतड्यातलं कायमोट्रिप्सिन हे पाचक विकर तोडून टाकतं. एफएओ आणि डब्ल्यूएचओच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1969 साली नायसिनला मान्यता दिली, ती काही कालपरवाची गोष्ट नव्हे. यावर कुणी म्हणेल की जिवंत जिवाणू आतड्यात पोचून तिथेच बॅक्टेरिओसिन बनवेल. शंका रास्त आहे. काही वाण ते करतातही: लॅक्टोबॅसिलस सॅलिव्हेरियसच्या एका वाणाने उंदरांना लिस्टेरियापासून वाचवलं, तेही त्याच्या बॅक्टेरिओसिनमुळेच. पण म्हणूनच प्रत्येक वाण स्वतंत्रपणे तपासावा लागतो.

आणि अस्वच्छता? नायसिन असो वा पेडिओसिन हे दुसरं बॅक्टेरिओसिन, साल्मोनेला आणि ई. कोलाय या घाणीतून येणाऱ्या जिवाणूंच्या बाहेरच्या पटलापुढे एरवी त्यांचं काही चालत नाही. घाण झाकायला हे हत्यार कुचकामी आहे. त्याचा उपयोग लिस्टेरियाविरुद्ध, कारण तो फ्रिजच्या 4 अंशांतही वाढत राहतो.

मला राग याचा येतो की जिथे खरंच काळजी करायला हवी तिथे हा मजकूर गप्प आहे. एंटेरोकॉकसचे अनेक वाण लिस्टेरियाला उत्तम रोखतात. पण त्यांच्यातल्या काहींकडे व्हँकोमायसिन-प्रतिकाराची जनुकं असतात आणि ती दुसऱ्या जिवाणूंकडे जाऊ शकतात. एंटेरोकॉकस फीकॅलिसचे काही वाण सायटोलायसिन बनवतात. तेही बॅक्टेरिओसिनच, पण माणसाच्या लाल रक्तपेशी फोडणारं! काही लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू हिस्टामिन किंवा टायरामिन ही त्रासदायक अमाइन तयार करतात. म्हणून वाण निवडताना त्याचा पूर्ण जीनोम वाचून प्रतिकाराची आणि विषांची जनुकं शोधतात, रक्तपेशी फुटतात का ते पाहतात, अमाइन मोजतात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या सुरक्षित-गृहीत यादीत लॅक्टोकॉकस लॅक्टिस आहे. एंटेरोकॉकस फीकॅलिसला तिथे जागा नाही.