टेकडी दत्तक घेताना

साताऱ्याच्या माणसाला डोंगर शोधत हिंडावे लागत नाही. गच्चीवर उभे राहिले की दक्षिणेला अजिंक्यतारा दिसतो, पश्चिमेला यवतेश्वर दिसतो आणि मान थोडी वळविली की पेढ्याचा भैरोबाही दर्शन देतो. त्यामुळे एखाद्या रविवारी सकाळी समाजासाठी काहीतरी करावे अशी ओढ आपल्याला लागलीच, तर वृद्धाश्रम, रक्तदान आणि रात्रशाळा हे पर्याय बाजूला सारून सरळ एखादी टेकडी दत्तक घ्यावी, असे मी अनुभवाने सुचवितो. वृद्धाश्रमातील माणसे ‘पुन्हा कधी येणार?’ असे विचारतात. टेकडी विचारत नाही. दत्तक घेतलेले मूल वेळच्या वेळी जेवायला मागते. टेकडी भर वैशाखातही पाणी मागत नाही, मुकाट्याने वाळते. मी स्वतः गेली काही वर्षे अशा एका टेकडीचा पालक आहे. तिचे नाव येथे सांगत नाही, कारण तिची पुरेशी सेवा आधीच झालेली आहे.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली देशभर वनमहोत्सव सुरू केला आणि तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होऊ लागला, याबद्दल आपण त्यांचे कायमचे ऋणी असले पाहिजे. पावसात रोप लवकर रुजते हे त्यामागचे उघड कारण असले, तरी स्वयंसेवकाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या गोष्टी आहेत. जमीन भिजलेली असल्याने कुदळ एका घावात आत जाते, डोंगरावर ढग उतरलेले असल्याने छायाचित्र उत्तम येते, गुडघ्याला लागलेला चिखल कष्टाचा पुरावा म्हणून दिवसभर मिरविता येतो आणि परतताना गरम भज्यांच्या दुसऱ्या बशीला नैतिक अधिष्ठान प्राप्त होते. हेच काम फेब्रुवारीत निघाले असते, तर या चळवळीला एवढी माणसे मिळाली नसती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

रोप कोणते लावावे, याचा फार विचार करू नये. हिरडा, आंजणी, जांभूळ, भोकर ही मंडळी आपल्या डोंगरांची जुनी रहिवासी आहेत हे खरे, पण त्यांची वाढ त्यांच्या मर्जीने चालते आणि पुढच्या वर्षीच्या अहवालात दाखविण्याजोगे त्यांच्यापाशी काहीच नसते. त्यापेक्षा मध्य अमेरिकेचे गिरिपुष्प घ्यावे, मेक्सिकोकडची सुबाभूळ घ्यावी, शोभेला मादागास्करचा गुलमोहर घ्यावा. ही झाडे परमुलखातून आलेली असल्याने कष्टाळू असतात आणि भराभर वाढतात. गिरिपुष्पाला खेड्यातली माणसे उंदीरमारी म्हणतात, कारण उंदरांना घालण्याच्या विषासाठी त्याचा उपयोग होत आला आहे. फलकावर मात्र ‘गिरिपुष्प’ असेच लिहावे; उंदीरमारीच्या सोहळ्याला प्रमुख पाहुणे मिळणे कठीण जाते.

जागेच्या निवडीबाबत एकच कसोटी लक्षात ठेवावी. जेथे झाड दिसत नाही ती जमीन उजाड, आणि जेथे फक्त गवत दिसते ती पडीक. गवत हेही एक राहण्याचे ठिकाण आहे, तेथे चंडोल, तित्तर, लावे आणि ससे पिढ्यान्पिढ्या नांदत आहेत, असे सांगणारे एखादे चष्मेवाले गृहस्थ प्रत्येक गटात असतात. त्यांना चहापाण्याच्या व्यवस्थेवर नेमावे.

या बाबतीत माझा अनुभव थोडा विस्ताराने सांगतो, म्हणजे आपणास प्रसंगावधान राखता येईल. आमच्या टेकडीच्या माथ्यावरील माळावर जूनअखेरीस खड्डे घेण्यासाठी जेसीबी लावला होता. त्या माळावरच्या दगडगोट्यांत एका टिटवीने चार अंडी घातलेली होती. टिटवी घरटे बांधण्याच्या भानगडीत पडत नाही. जमिनीत वाटीएवढा खळगा करते, त्यात चार खडे ओढते आणि बसते. अंडी मातकट असून त्यांवर काळे शिंतोडे उडालेले असतात, त्यामुळे दोन पावलांवरून पाहिले तरी ती दगडच वाटतात. मला ती दिसली याचे श्रेय माझ्या नजरेला नसून टिटवीच्या आरडाओरड्याला आहे. ती जेसीबीच्या दातांपुढे पंख फुलवून उभी राहिली, उडाली, लंगडत असल्याचे सोंग करीत बाजूला गेली, कोणी मागे येत नाही असे पाहून परत आली आणि पुन्हा तेथेच उभी राहिली. चालकाने यंत्र थांबविले आणि माझ्याकडे पाहिले. मी कार्यक्रमपत्रिकेकडे पाहिले. खड्ड्यांची रांग दोरी लावून आखलेली होती आणि पाहुणे दहा वाजता येणार होते. मी चालकाला हाताने ‘चालू द्या’ अशी खूण केली.

पाहुणे पावणेअकराला आले. त्यांनी भाषणाची सुरुवात ‘टिटवीदेखील समुद्र आटविते’ या म्हणीने केली आणि क्षुद्र जीवानेही मनात आणले तर काय घडू शकते, हे इतक्या ओघवत्या वाणीत सांगितले की टाळ्या थांबेनात. टिटवी त्या वेळी मंडपाभोवती घिरट्या घालीत ओरडत होती. ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा वाढविल्यावर ती ऐकू येईनाशी झाली. आपल्याकडेही असे घडल्यास आवाजाची कळ कोठे आहे, हे आधी पाहून ठेवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याच्या अंड्यांची नासधूस करणे हेही ‘शिकार’ या व्याख्येत मोडते. तेव्हा आपण वृक्षारोपणाला जमलो होतो, शिकारीला नव्हे, हे निदान छायाचित्रांतून स्वच्छ दिसले पाहिजे.

आता संख्येविषयी. राज्य शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. हा चढता क्रम डोळ्यांसमोर असताना आपण दोनशे रोपांवरून पाचशेंवर गेलो, तर कोणी नावे ठेवणार नाही. सांगताना आकडा नेहमी ‘लावलेल्या’ रोपांचा सांगावा. ‘जगलेली’ हा शब्द अशुभ असून तो उच्चारल्याने कार्यकर्त्यांचे मनोधैर्य खचते. प्रत्येक रोपाला लोखंडी पिंजरा मात्र अवश्य बसवावा आणि त्यावर देणगीदाराचे नाव दुरूनही वाचता येईल अशा अक्षरांत रंगवावे. रोप दिवाळीपर्यंत टिकते, पिंजरा दहा वर्षे टिकतो. देणगीदाराला आपण काय दिले हे यातून त्याचे त्यालाच कळते.

पाण्याचा विषय सभेत कोणी काढू नये यासाठी सर्वांनी दक्ष राहावे, कारण त्यात गणित येते. दोनशे रोपांना आठवड्यातून एकदा, प्रत्येकी ५ लिटर पाणी घालायचे म्हटले तर १,००० लिटर होते, म्हणजे वजनाने १ टन. फेब्रुवारी ते मे असे सोळा आठवडे धरले, तर १६ टन पाणी माणसांनी खांद्यावर, कॅनमधून, चढावर वाहून न्यायचे आहे. जुलैच्या कार्यक्रमाला दीडशे माणसे होती. ती सारी आली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ७ लिटरही येत नाहीत, म्हणजे एक मध्यम कॅन. परंतु मार्चमध्ये लग्नसराई असते, एप्रिलमध्ये परीक्षा असतात, मेमध्ये गावाकडच्या यात्रा आणि आंबे असतात. त्यामुळे त्या टनाचा भार शेवटी चार-पाच जणांवर पडतो. हे लोक पहाटे साडेपाचला वर जातात, आठच्या आत खाली येतात आणि त्यांच्यापाशी गटाचा टी-शर्ट नसतो. त्यांना वाटेत भेटल्यास ‘फार मोठे काम करता आपण’ असे म्हणावे. कॅनला हात लावू नये. त्यांची लय बिघडते.

टेकडीची व्यवस्था लागली की आपल्या ममतेचे क्षेत्र वाढवावे आणि कासकडे वळावे. शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर असलेले हे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, ही गोष्ट आपण पाहुण्यांना सांगतोच. ते पाहून मन मात्र द्रवते. वर नुसता जांभ्या दगडाचा सडा, त्यावर मातीचा पातळसा थर, झाडे तुरळक, आणि मातीत पोषण तर इतके कमी की तेथल्या काही वनस्पतींना किडे धरून पोट भरावे लागते. सीतेची आसवे म्हणून जी निळी-जांभळी नाजूक फुले आपण वाकून पाहतो, त्यांनी ओल्या मातीत इवल्या इवल्या पिशव्या लावून ठेवलेल्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढून घेऊन ती आपला चरितार्थ चालवितात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. दोन फाट्यांचा तुरा उभारणारा वायतुरा साचलेल्या उथळ पाण्यात उगवतो. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावात ‘सातारेन्सिस’ असे आपल्या गावाचेच नाव घातले आहे, पण गावातील फार थोड्यांची त्याच्याशी ओळख आहे.

अशा गरिबांची दया कोणाला येणार नाही? म्हणून आपण बीजगोळे करावेत. चांगली काळी माती, शेणखत आणि मिळेल ते बी एकत्र मळून केलेले हे लाडू गाडीच्या खिडकीतून सड्यावर भिरकावण्यात जो आनंद आहे, तो नुसते गुडघ्यावर बसून फूल पाहण्यात नाही. जाणकार म्हणतात की त्या मातीचे दारिद्र्य हेच त्या फुलांचे भांडवल आहे. माती सकस झाली की तेथे धटिंगण गवते आणि झुडपे येतील, सावली पडेल आणि किडे खाऊन जगणारी ही किरकोळ प्रजा हटेल. पण एखाद्याचे दारिद्र्य असे टिकवून धरणे हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. जाणकारांनी या विषयावर निबंध लिहावेत. आपण लाडू वळावेत.

येता-जाता घाटातील माकडांना केळी आणि बिस्किटे देण्यास विसरू नये. त्यामुळे ती जंगलात वणवण करण्याऐवजी वळणावर बसून राहतात आणि भरधाव गाड्यांचे चाक चुकविण्याचा व्यायाम त्यांना घडतो. पक्ष्यांसाठी प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्या कापून झाडांना टांगाव्यात. पाणी एकदा, उद्घाटनाच्या दिवशी, भरावे. नंतर त्यांत डास होतात, पण तेही जीवच आहेत.

राहिला प्रश्न वणव्याचा. होळीच्या आधीपासूनच गवत कागदासारखे वाळते आणि कोणीतरी काडी लावते. काही जण जाळल्याने पुढच्या वर्षी गवत चांगले येते या समजुतीने लावतात, काहींच्या हातून बिडीचे थोटूक पडते. संध्याकाळी डोंगरावर पेटलेली ती माळ पोवई नाक्यावरूनही सुरेख दिसते आणि तिचे चित्रण करून खाली हात जोडल्याची खूण टाकणे हे प्रत्येक निसर्गप्रेमीचे कर्तव्य आहे. जुलैत लावलेल्यांपैकी जी रोपे तोपर्यंत तग धरून असतात, त्यांचा हिशेब वणवा एका रात्रीत मिटवितो आणि पुढील जुलैसाठी जागा मोकळी होते. या दृष्टीने पाहता वणवा आणि वनमहोत्सव यांचे आपसांत काही ठरलेले असावे, असे मला अनेकदा वाटले आहे.

यावर एक अगदीच रुक्ष उपाय आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गवत पुरते वाळण्याच्या सुमारास डोंगराच्या उतारावर काही फूट रुंदीचा पट्टा विळ्याने कापून, पालापाचोळा झाडून मोकळा करायचा. याला जाळरेषा म्हणतात. आग तेथवर येते आणि खायला काही न मिळाल्याने बसते. या कामाला ना पाहुणे लागतात, ना फलक, ना रोप. दिवसभर वाकून कापल्यावर जे तयार होते ते म्हणजे एक रिकामा पट्टा, आणि रिकाम्या पट्ट्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढले तर पाहणाऱ्याला कोणी जमिनीच्या मोजणीला आले आहे असे वाटते. काम यशस्वी झाल्याची खूण काय, तर त्या वर्षी काहीच घडले नाही. अशा गोष्टीचा अहवाल लिहावा तरी कसा?

तरीही दर वर्षी जानेवारीच्या शेवटी ते चष्मेवाले गृहस्थ दूरध्वनी करतातच. ‘उद्या सहाला पायथ्याशी येताय ना? विळा नसला तरी चालेल, माझ्याकडे दोन आहेत,’ एवढेच ते म्हणतात. अशा वेळी आवाजात थोडा खोकला आणावा किंवा आपण पुण्यास आलो आहोत असे सांगावे. मात्र पायथ्याच्या नव्या वसाहतीत माझ्यासारखे आपले घर असेल, तर बोलण्यापूर्वी खिडकी लावून घेण्याची काळजी घ्यावी. रात्री तेथे टिटवी ओरडते, आणि दूरध्वनीवर तिचा आवाज फार स्पष्ट ऐकू जातो.