उखळाचा ब्रेक

मागच्या महिन्यात एका रात्री सव्वानऊच्या सुमारास मी बेल्जियममध्ये एका जर्मन माणसाच्या गाडीवर मागून आदळलो. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, काय पडलं?" मी म्हणालो, "काही नाही, एक पोर्शे." ती म्हणाली, "मग असू दे. मला वाटलं दुधाचं पातेलं."

मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. दिवसभर सुताचे भाव, रात्री स्पा-फ्रँकोरशाँ, म्हणजे बेल्जियममधला शर्यतीचा ट्रॅक, तोही कॉम्प्युटरवर. मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला तेव्हा जाताना मागे दोन गोष्टी ठेवून गेला, धुवायचे कपडे आणि कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग. कपडे त्याच्या आईने धुतले. स्टिअरिंग तसंच पडून राहायला नको म्हणून मी हातात घेतलं, ते अजून सुटलेलं नाही. कॉम्प्युटरवर खऱ्यासारखी गाडी पळवायच्या या प्रकाराला सिम रेसिंग म्हणतात. गेम म्हटलं की भाच्याला राग येतो. भाचा हिंजवडीत नोकरी करतो आणि दर रविवारी रात्री नऊ वाजता आपल्या पंधरा-वीस मित्रांची शर्यत भरवतो. त्यात त्याने मला घेतलं, कारण एक जागा रिकामी होती आणि मामाला नाही म्हणता येत नाही.

बसायची व्यवस्था आधी सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच आहे. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळलेलं. ते वळणावर असे दणके देतं की फोडणीचा डबा जागचा हलतो, म्हणून टेबलावर खाली चार घड्या घातलेली चादर. सोलापुरात चादरीला तोटा नाही. खरी अडचण पायाशी. ब्रेकचं पेडल नुसतं दाबून भागत नाही, लाथ घालावी लागते. लाथ घातली की चाकांची खुर्ची मागे पळते आणि पेडलचा पाट शहाबादी फरशीवरून पुढे. म्हणजे ताशी दोनशे चाळीसच्या वेगात माझे पाय इटलीतल्या माँझाच्या ट्रॅककडे आणि बाकीचा मी मोरीकडे. खुर्ची मी कपाटाला टेकवली. पेडलच्या पुढे काय ठेवावं यावर आठवडाभर प्रयोग केले. तांदळाची गोणी दबली, शिलाई मशीन बायकोने ठेवू दिलं नाही. शेवटी आईच्या वेळचं दगडी उखळ लावलं. त्या दिवसापासून ब्रेक असा लागायला लागला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

मग गाडी निवडायची वेळ आली. भाच्याच्या शर्यतीत जीटी३ वर्गाच्या, म्हणजे विकत मिळणाऱ्या स्पोर्ट्स गाड्यांवरून शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्या चालतात. फेरारी, पोर्शे, लॅम्बोर्गिनी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, अशी ती यादी. एकदा घेतलेली गाडी अख्खा हंगाम बदलायची नाही आणि एका बनावटीच्या तीनपेक्षा जास्त गाड्या नाहीत, हा त्याचा नियम. नाहीतर म्हणे सगळे इंटरनेटवर बघून त्या महिन्यातली सगळ्यात वेगवान गाडी उचलतात आणि शर्यतीत वीस सख्ख्या बहिणी पळतात.

मी म्हणालो, "अरे, पण फेरारी काय आणि मर्सिडीज काय, सारख्या कशा?" तेव्हा कळलं की त्या सारख्या करून घेतात. जी गाडी फार पळते तिच्यावर दहा-वीस किलो वजन लादायचं किंवा इंजिनाचा श्वास थोडा आवळायचा. याला बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स म्हणतात आणि खऱ्या शर्यतींतही हे चालतं. पंगतीत जो भराभर जेवतो त्याच्याच पानात वाढपी आणखी दोन जिलब्या टाकतो, तसला प्रकार. शिवाय भाचा आदल्या रविवारच्या पहिल्या तिघांवर वेगळं वजन टाकतो. मला अजून ते मिळालेलं नाही. माझ्यावर आहे ते वजन कडक भाकरीचं, आणि ते गाडीत मोजत नाहीत.

सल्ले भरपूर आले. शेजारचे अन्ना, ज्यांचे स्वतःचे माग आहेत, ते म्हणाले, "पोर्शे घे, नाव आहे." घेऊन बघितली. पोर्शे ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं. वळणात मध्येच घाबरून पाय उचलला की ढुंगण पुढे येतं आणि आपण आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहतो. इंजिन मागे असलेलं दुसरं वाहन माझ्या माहितीत म्हणजे आपली रिक्षा. सात रस्त्यावर रिक्षावाले असे का वळतात हे मला इतक्या वर्षांनी समजलं. मोहोळचे मावसभाऊ ऊसवाले, त्यांनी फोनवर यादी ऐकून घेतली आणि लॅम्बोर्गिनीवर बोट ठेवलं. "ती ट्रॅक्टरवाल्याची आहे ना? मग डोळे झाकून घे." मी हसलो, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. लॅम्बोर्गिनी साहेबांनी १९४८ पासून ट्रॅक्टर केले आणि मोटारी १९६३ नंतर. तरी ऊसवाहतुकीचे गुण तिच्यात मला आढळले नाहीत. बायकोला विचारलं. तिने नव्या पेठेतल्या दुकानात चादर बघावी तसे सगळे फोटो एकामागून एक उलगडायला लावले आणि म्हणाली, "पहिली दाखवली होती ना, ती हिरवी."

ती हिरवी बेंटली होती. लांब नाक, रुंद खांदे, आत बसलं की एसटीच्या पुढच्या सीटवर बसल्यासारखं. तोवर बाकीच्या चांगल्या गाड्या पोरांनी पळवल्याच होत्या. बेंटलीला मात्र कुणी हात लावला नव्हता. भाचा म्हणाला, "मामा, ज्या गाडीत तुम्ही कमी चुकता ती तुमची वेगवान गाडी. कागदावरचा अर्धा सेकंद विसरा, तुम्ही वळणावळणाला पाच-पाच सेकंद सांडताय." अपमान होता, पण हिशेब बरोबर होता. आणि बेंटली काही लेचीपेची नाही. १९२४ ते १९३० या काळात तिने ल माँची चोवीस तासांची शर्यत पाच वेळा मारली आहे. त्यातला शेवटचा विजय १९३० चा, म्हणजे सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच सालचा. हे मी शर्यतीआधी पोरांना सांगितलं. कुणी काही बोललं नाही. बहुतेक माइक बंद असावेत.

गाडी झाली, आता सचोटीने चालवायची. इथे मी निर्धास्त होतो. आयुष्यभर हिशेबात पैची गफलत केली नाही, तर रस्त्यावर कशाला करू? पण सोलापुरात वाहन चालवायला शिकलेल्या माणसाला तिथले नियम मुळातच उलटे पडतात. वळणाच्या तोंडाशी दोन गाड्या एकमेकींच्या बाजूला असतील, तर दोघांनी दुसऱ्यासाठी एक गाडीभर जागा सोडायची. मागच्याला अडवायला एकदा बाजू बदलता येते, पुन्हा नागमोडी चाल नाही. ब्रेक मारता मारता आडवं यायचं नाही. शेवटच्या क्षणी आत घुसून समोरच्याला ढकलून जागा मिळवली तर ती परत द्यायची. परत! विजापूर वेशीत मिळवलेली जागा कुणी परत दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आणि गवतात गेलात तर रस्ता मोकळा होईपर्यंत थांबून मगच वर यायचं. आपल्याकडे बोळातून मोठ्या रस्त्यावर येणारा माणूस बघत नाही. बघायचं काम रस्त्यावरच्यांचं.

या सगळ्याहून जड गेलं ते म्हणजे गाडीला हॉर्न नाही. लाईट मारता येतो, पण लाईटला कोण विचारतो? पहिले दोन रविवार माझा अंगठा आपोआप स्टिअरिंगवर हॉर्न शोधायचा आणि दर वेळी काचेचा वायपर चालू व्हायचा. रणरणत्या उन्हात पाणी पुसत मी सतरावा यायचो.

आयरेसिंगसारख्या ऑनलाइन शर्यतींच्या ठिकाणी तर चुकांची वही असते. २००८ पासून हा धंदा चालू आहे. चाक रस्त्याबाहेर गेलं की एक, गाडी फिरली की दोन, दुसऱ्याला जोरात धडकलात की चार. आणि चार दोघांनाही, चूक कुणाचीही असो. आमच्या आईची पद्धत. भांडण कुणी काढलं हे न विचारता दोघांच्या पाठीत धपाटे, आणि मग दोघांना ताटात धपाटे. लहानपणी हे अन्यायाचं वाटायचं. पण त्यामुळे आम्ही भाऊ भांडण निघायच्या आतच लांब सरकायचो, हेही खरं.

हे सरकणंच मला नडलं.

स्पाची एक फेरी सात किलोमीटर आणि चार मीटर. आमच्या घरापासून केगावच्या विद्यापीठापर्यंत जवळपास तेवढंच अंतर, फक्त मध्ये उड्डाणपूल लागत नाही. तिथे ओ रूज नावाच्या वळणाचा उतार संपला की एकदम छातीवर येणारा चढ आहे आणि चढाच्या माथ्यावर पुढचं काही दिसत नाही. तिसऱ्या रविवारी मी त्या चढावर असताना निळा झेंडा दिसला. याचा अर्थ मागून पहिल्या नंबरचा गडी मला एक फेरी जास्त घालून येतोय. आपल्यावर संस्कार असे की मोठी गाडी आली की बाजूला व्हायचं. मी माथ्यावरच ब्रेक मारला आणि अदबीने डावीकडे सरकलो. तोही मला चुकवायला त्याच वेळी डावीकडेच निघाला होता. पुढचं सांगत नाही. त्याच्या गाडीचं एक चाक माझ्या काचेवरून गेलं.

रात्री भाच्याने सुनावणी घेतली. शर्यत झाली की तक्रारी येतात आणि तो रेकॉर्डिंग पाच कोनांतून लावून बघतो. मी म्हणालो, "मी तर त्याला वाट दिली!"

"तेच चुकलं, मामा."

"म्हणजे आता सभ्यपणाही गुन्हा?"

"निळा झेंडा म्हणजे मागच्याला अडवू नका, एवढंच. रस्ता सोडून पळा असं नाही. तुम्ही आहात त्या रेषेत राहा. तुम्ही काय करणार हे मागच्याला कळलं पाहिजे, कसं जायचं ते त्याचं तो बघतो."

दहा सेकंदांची शिक्षा झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला सौजन्याबद्दल दंड झाला. रात्री झोप लागेना. मग गड्ड्याची जत्रा आठवली. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात तोलून चालणारा माणूस कधी कुणाला बघून बाजूला सरकतो का? तो आपल्या चालीने सरळ येतो आणि एवढ्या गर्दीत कुणाला धक्का लागत नाही, कारण काठी कुठे जाणार हे पोराटोरांनाही माहीत असतं. सोन्यासारखं उदाहरण सापडलं म्हणून मी लगेच बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "त्या माणसाने आधी महिनाभर सराव केलेला असतो. झोपा."

सराव केला. पुढच्या रविवारी पुन्हा स्पाच होतं. त्या दिवशी मेव्हणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला परत जाणार होती. घरात बांधाबांध चालली होती, म्हणून मी कानांवर हेडफोन घातले. माझी बेंटली काठीसारखी चालत होती. निळा झेंडा दिसला तरी मी रेषा सोडली नाही आणि तिघे जण मला सहज ओलांडून गेले. एकाने तर लाईट मारून आभार मानले. शेवटच्या फेरीत मी अकरावा होतो. अकरावा! बाराव्या नंबरचा इचलकरंजीचा एक मुलगा, तोही मागवाल्यांच्याच घरातला, माझ्या बाजूला आला. समोर शेवटचं वळण होतं. तिथे पूर्वी खरंच बसथांबा असायचा, म्हणून त्याला बस स्टॉप म्हणतात. माझी लालपरी बस स्टॉपवर अकरावी पोचणार, हा योग सांगून कुणाला पटला नसता. मी नियमाप्रमाणे त्याच्यासाठी बरोबर एक गाडीभर जागा सोडली. शंभर मीटरची पाटी आली आणि मी ब्रेकवर लाथ घातली.

पाय गेला तो गेलाच. पेडलचा पाट फरशीवरून गुळगुळीत सरकत थेट टेबलापलीकडे. मी टेबलाखाली अर्धा झोपलेला. स्क्रीनवर माझी हिरवी बेंटली ताशी दोनशेच्या पुढे त्या मुलाला पोटाशी धरून बस स्टॉपवर न थांबता निघून गेली.

हेडफोन काढून वाकून बघितलं. दोघी बहिणी गोणपाटावर उखळ घालून स्वयंपाकघराकडे ओढत होत्या. "दोनदा हाक मारली," बायको म्हणाली. "चटणी कुटायची राहिलीय आणि हिची गाडी आहे."

"अगं, मिक्सर आहे ना?"

दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा टेबलाखाली गेलो. मेव्हणीला गाडी मिळाली. सोबत किलोभर शेंगाची चटणीही गेली.

सुनावणीत मी काही लपवलं नाही. उखळ, चटणी, सिद्धेश्वर एक्सप्रेस, सगळं क्रमाने सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोलेना. मग इचलकरंजीचा मुलगा म्हणाला, "काका, चटणी उखळातलीच होती का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "मग माझी तक्रार नाही." भाचा मात्र बधला नाही. मामा असला तरी पंधरा सेकंद. निकालाच्या तक्त्यात मी चौदावा आहे आणि कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलंय : ब्रेक फेल, कौटुंबिक.