खुलासा : ड्रॅक्युलाची ती प्रेमकथा कादंबरीतली नाही

‘ड्रॅक्युला’ची नायिका मीना म्हणजे रक्तपिपासू ड्रॅक्युलाच्या मृत पत्नीचा पुनर्जन्म, आणि हे ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीतच आहे, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. १८९७च्या त्या पुस्तकात पुनर्जन्म नाही, हरवलेली पत्नीही नाही. मीनाला ड्रॅक्युला स्वतःचं रक्त बळजबरीने पाजतो, तेही आपल्या पाठलागाचा सूड म्हणून. ही विरहकथा पडद्यावरची. ती दाखवणाऱ्या दिग्दर्शक कपोलाच्या १९९२च्या चित्रपटाच्या नावातच स्टोकरचं नाव असल्याने गोंधळ वाढला. खरं तर १९३२च्या ‘द ममी’तही शतकानुशतकांनी जिवंत होऊन प्रेयसीचा पुनर्जन्म शोधणारा मृत माणूस आहे. मला ‘द ममी’ विलक्षण आवडतो : भीती वाटत असतानाच त्याची कीव येते. पण त्या हळवेपणाचं श्रेय सिनेमावाल्यांचं आहे, स्टोकरचं नव्हे.